हिमालयाचे वळण : दाराशा वाडिया यांची ओळख

शाळेत असताना भारताचा नकाशा आपण सर्वांनीच काढला आहे. वरच्या अंगाला तपकिरी रंगाची एक लांब कमान काढायची, तिच्या पोटात हिमालय असे लिहायचे, की काम झाले. ही कमान पूर्वेकडून येते, नेपाळवरून पुढे सरकते, वायव्येला काश्मीरपर्यंत जाते आणि तेथे झेलम नदीजवळ एकाएकी वळते. वायव्येला निघालेले डोंगर चक्क दक्षिणेकडे आणि मग नैर्ऋत्येकडे तोंड करतात. नकाशा काढताना आपण तेथे पेन्सिल थोडी फिरवतो आणि पुढे जातो. एका माणसाने मात्र आपल्या उमेदीची कितीतरी वर्षे त्या वळणावर घालवली. पर्वत तेथे का वळला, हे त्याला हवे होते. ते उत्तर मिळवता मिळवता पर्वत मुळात उभा कसा राहतो, या मोठ्या प्रश्नाच्या उत्तरात त्याने एक पक्का दगड बसवला. त्या माणसाचे नाव दाराशा नौशेरवान वाडिया.

पुण्यात वाडिया म्हटले की आपल्याला वाडिया कॉलेज आठवते. त्या कॉलेजशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नवरोसजी वाडिया वेगळे आणि हे दाराशा वेगळे. आडनाव मात्र एकाच धंद्यातून आलेले. वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा. सुरतेच्या आणि पुढे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या पारशी घराण्यांचे हे आडनाव. जहाजबांधणी करणाऱ्यांच्या कुळात जन्मलेल्या या मुलाने पुढे एका अशा समुद्राचा अभ्यास केला, ज्यात कधीच कोणाचे जहाज गेले नाही. कारण माणूस पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच तो समुद्र नाहीसा झाला होता.

दाराशांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. वडील रेल्वेत एका लहानशा स्थानकावर स्टेशनमास्तर होते. घरात भावंडे पुष्कळ. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब बडोद्याला आले आणि दाराशांचे पुढचे शिक्षण तेथेच झाले. त्या वेळी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते. ग्रंथालये, शाळा आणि वस्तुसंग्रहालय यांवर खर्च करणारे ते संस्थान होते. बडोदा कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, म्हणजे पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यांचे जे विद्यापीठ तेच दाराशांचे. १९०३ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, १९०५ मध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र घेऊन पुन्हा तीच पदवी मिळवली आणि त्यानंतर एम.ए. झाले. भूशास्त्र शिकण्याच्या सोयी त्या काळी आपल्याकडे फार थोड्या होत्या. दाराशांनी संग्रहालयातल्या खडकांपुढे आणि जीवाश्मांपुढे उभे राहून बरेचसे स्वतःच शिकून घेतले. परदेशी पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील शेती करतात, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी मला सारखे वाटे, की ज्ञान ही ज्यांच्या घरी आधीपासून पुस्तकांची कपाटे आहेत त्यांची वस्तू आहे. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात वाडियांचा उल्लेख केला, तेव्हा मी ग्रंथालयातून त्यांचे पुस्तक मागून घेतले. त्या जाडजूड ग्रंथातले सगळे मला कळले असे मी म्हणणार नाही. पण ते लिहिणारा माणूस कोण, याचा शोध घेताना माझ्या मनातला तो समज हळूहळू गळून पडला.

१९०७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दाराशा जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. सुरत-बडोद्याच्या सपाट मुलखातला हा तरुण एकदम हिमालयाच्या पायथ्याशी येऊन पडला. जम्मू शहर ज्या टेकड्यांवर वसले आहे, त्या शिवालिक टेकड्या म्हणजे हिमालयाची पहिली पायरी. कॉलेजच्या बाहेर पडले की डोंगरच. संशोधनासाठी त्यांना कोणी नेमलेले नव्हते. त्यांचे काम विद्यार्थ्यांना शिकवण्याचे. पण सुटी लागली की ते हातोडी घेऊन डोंगरात जात, विद्यार्थ्यांनाही नेत, आणि गोळा केलेले दगड परत आणून त्यांच्यापुढे मांडत. ही नोकरी त्यांनी चौदा वर्षे केली.

या शिवालिक टेकड्यांत त्यांना एका प्राचीन हत्तीची कवटी मिळाली. तिचा सुळा दहा फुटांहून लांब होता. शास्त्रज्ञांनी या जातीच्या हत्तीला आधीच आपल्या गणपतीचे नाव देऊन ठेवले होते, स्टेगोडॉन गणेश. गणेशोत्सवाच्या पुण्यात हे सांगायला मला आनंद होतो.

शिकवताना वाडियांना एक अडचण सतत जाणवत होती. भारताच्या भूशास्त्रावर विद्यार्थ्याच्या हाती देता येईल असे पुस्तकच नव्हते. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा मोठा ग्रंथ १८७९ चा, त्याची ओल्डहॅम यांनी सुधारलेली आवृत्ती १८९३ ची. ती सरकारी खात्यातल्या जाणकारांसाठी होती. वर्गातल्या मुलाने काय करावे? वाडियांनी स्वतःच पुस्तक लिहिले. १९१९ मध्ये ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झाले. पुढे पन्नास वर्षे ते त्यात भर घालत राहिले आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. ते विद्वानांसाठी लिहिलेले नव्हते. जम्मूच्या वर्गात समोर बसलेल्या मुलांची गरज म्हणून लिहिले गेले आणि नंतर विद्वानांनाही उपयोगी पडले. आपल्या कॉलेजमधल्या प्राध्यापकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता वाडियांच्या मुख्य कामाकडे वळण्याआधी, पर्वत म्हणजे काय याचा थोडा विचार करू. आपण पुण्याचे विद्यार्थी सिंहगडावर अनेकदा जातो. चढताना कड्याकडे नीट पाहिले तर काळ्या खडकाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात, टोपलीत भाकरी रचाव्यात तसे. हा लाव्हाचा खडक, बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. नंतर पावसाने आणि नद्यांनी तो कोरला. जे उरले ते आपले डोंगर आणि गड. सह्याद्रीला कोणी चेपलेले नाही. त्याचे थर अजून जवळजवळ आडवेच आहेत.

हिमालयाचे तसे नाही. तेथले थर वाकलेले, उभे राहिलेले, कोठे उलटे झालेले, कोठे एकमेकांवर चढलेले आहेत. आणि त्या थरांत काय आहे? समुद्रातले प्राणी. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकसुद्धा सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळावर साचलेला आहे. याचा पुरावा पाहायला एव्हरेस्टवर जाण्याची गरज नाही. आपल्या देवघरात तो असतो. तुळशीच्या लग्नात आपण जो शाळिग्राम ठेवतो, तो नेपाळातल्या गंडकी नदीच्या खोऱ्यातून येतो. त्याच्या आतले चक्र हा समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे. गंडकीपासून आजचा समुद्र शेकडो मैल दूर. मग तो प्राणी तेथे पोचला कसा? तो कोठे गेलाच नाही. समुद्रच तेथे होता.

त्या समुद्राला ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस यांनी १८९३ मध्ये ग्रीक पुराणातल्या सागरदेवतेवरून टेथिस हे नाव दिले. आशिया खंड उत्तरेला आणि भारताचा भाग दक्षिणेला, मध्ये टेथिस. नद्यांनी आणलेला गाळ आणि सागरी प्राण्यांची कवचे त्याच्या तळावर कोट्यवधी वर्षे साचत राहिली. पुढे हा समुद्र मिटला, गाळ दोन बाजूंनी चेपला गेला आणि वर आला. तोच हिमालय. एवढे वाडियांच्या तरुणपणी माहीत झाले होते. पण समुद्र का मिटला, चेपणारे कोण आणि चेपले कसे, याबद्दल एकमत नव्हते.

१९२१ मध्ये वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात गेले. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या या खात्यात तेव्हा भारतीय अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते. वाडियांचे वय सदतीस. इतर लोक ज्या वयात खुर्चीवर स्थिरावतात, त्या वयात त्यांचे तंबूतले आयुष्य सुरू झाले. त्यांच्याकडे पूंछ, हजारा आणि काश्मीरचा मुलूख होता. रस्ते थोडे, चढ फार. एकेका ओढ्याने वर जायचे, दोन्ही काठांचे थर पाहायचे, ते कोणत्या दिशेला किती कललेले आहेत हे मोजायचे, नकाशावर रंग भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा ओढा. १९२६-२७ मध्ये युरोपात जाऊन त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये जीवाश्मांचा अभ्यास केला आणि परत आपल्या डोंगरात आले. १९२८ मध्ये पूंछ संस्थानच्या भूशास्त्रावर त्यांचा मोठा वृत्तांत निघाला. नंगा पर्वताच्या भोवतालचा दुर्गम मुलूखही त्यांनी पाहिला.

आणि मग ते वळण. झेलम नदीकाठी मुझफ्फराबाद गाव आहे. त्याच्या आसपास डोंगररांगा केसात घालायच्या आकड्यासारख्या वळलेल्या आहेत. झ्यूससारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते, की तेथे दोन वेगळ्या पर्वतरांगा येऊन भेटतात, एक पूर्वेकडून आलेला हिमालय आणि दुसरी पश्चिमेकडून आलेली रांग. दोन वाटा चौकात भेटाव्यात तसे. युरोपात बसून नकाशा पाहिला तर हे पटण्यासारखेच होते.

वाडियांनी ही गोष्ट पायी तपासली. वळणाच्या पोटात लाल वालुकाश्म आणि माती-खडकाचे थर आहेत. त्यांना मरी थर म्हणतात. त्यांच्या बाहेर नाण्यासारख्या चपट्या जीवाश्मांनी भरलेला चुनखडक, म्हणजे मिटत आलेल्या समुद्राच्या शेवटच्या खुणा. त्याच्याही बाहेर जुन्या लाव्हाचे थर. यांना पंजाल ट्रॅप म्हणतात. आपल्या दख्खनच्या ट्रॅपसारखेच, पण त्याहून कितीतरी जुने. आणि सर्वांत बाहेर अतिप्राचीन पाटीचे खडक. वाडियांनी पूर्वेच्या बाजूने हा क्रम नोंदला. मग वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेले. तेथेही तेच खडक, तोच क्रम. पूर्वेकडून आलेला थर वळणातून अखंड फिरून पश्चिमेला जात होता. दोन पर्वत भेटत नव्हते. पर्वत एकच होता आणि तो वाकला होता.

का वाकला? हे समजून घ्यायला घरातलीच एक गोष्ट करून पाहावी. जमिनीवर गोधडी पसरा. तिच्या एका कडेला लाकडी पाट ठेवा आणि पाटाचा कोपरा पुढे करून तो गोधडीत ढकला. गोधडीला घड्या पडतील. पण त्या सरळ रेषेत पडणार नाहीत. पाटाच्या कोपऱ्याभोवती त्या वळतील. घड्यांच्या आकारावरून, पाट न पाहताही, त्याचा कोपरा कोठे आहे हे सांगता येईल. वाडियांनी नेमके हेच केले. भारताच्या द्वीपकल्पाचा कठीण, प्राचीन खडक पंजाबच्या गाळाखालून उत्तरेकडे जिभेसारखा पुढे आलेला आहे आणि हिमालयाच्या घड्या त्या टोकाभोवती वळल्या आहेत, असे त्यांनी दाखवले. हा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्या पडताना जुने थर फाटून नव्या थरांवर कसे सरकले आहेत, तेही त्यांनी दाखवले. मरी आणि पंजाल या नावांनी ओळखले जाणारे ते मोठे भंग आजही नकाशावर आहेत. हिमालयाच्या पूर्व टोकाला, जेथे ब्रह्मपुत्रा वळून आसामात उतरते, तेथेही पर्वत असाच वळलेला आहे. म्हणजे पाटाला दोन कोपरे आहेत.

या निबंधाच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९३० मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. खंडे एका जागी स्थिर नसतात, ती सरकतात, असे त्यांनी १९१२ पासून सांगितले होते. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मानले नव्हते, कारण खंड सरकवील असे बळ त्यांना दाखवता आले नव्हते. वाडियांच्या काळचे शास्त्र भूद्रोणीच्या भाषेत बोलत होते. दोन कठीण भूखंडांच्या मध्ये गाळाने भरलेली एक लांब द्रोणी असते आणि ती चेपली जाऊन पर्वत होतो, असा तो विचार. वाडियांनीही त्याच भाषेत लिहिले. पण त्यांनी जे पाहून मांडले, ते कोणत्याही एका भाषेवर अवलंबून नव्हते.

१९६० नंतर समुद्रतळाचे संशोधन झाले आणि चित्र पालटले. पृथ्वीचे कवच काही मोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे, महासागराच्या मध्यावर नवा तळ तयार होतो आणि खंडांच्या कडेला जुना तळ पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो, हे समजले. मग टेथिसचे कोडे सुटले. टेथिसचा तळ आशियाच्या खाली शिरत गेला. तळ संपत गेला तसा भारत उत्तरेकडे ओढला गेला. एके काळी तो वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षाही जास्त वेगाने जात होता. सिंहगडाचा लाव्हा वाहिला तेव्हा आपली ही भूमी समुद्रात होती, आशियापासून दूर. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मधला समुद्र संपला आणि खंडाला खंड भिडला. महासागराचा तळ जड असतो, म्हणून तो खाली जातो. खंड हलका, तो सहज बुडत नाही. म्हणून तो चेपला जातो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि एकावर एक चढतात. लडाखात सिंधू नदीच्या काठाने दोन खंडांच्या शिवणीत आजही त्या समुद्रतळाचे हिरवट-काळे तुकडे अडकलेले सापडतात. काश्मीरचा पंजाल ट्रॅप हा टेथिस उघडताना आलेला लाव्हा असावा, असे आता मानतात. म्हणजे समुद्राचा जन्म आणि त्याचा शेवट या दोन्हींच्या खुणा वाडिया ज्या डोंगरात हिंडले त्याच डोंगरात होत्या. सिद्धान्त बदलला, पण वाडियांचे वळण जागेवर राहिले. नव्या सिद्धान्तालाही पाटाचा कोपरा हवाच होता.

येथे मला माझ्या मुलखाबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. लोक दमून झोपलेले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरचे मातीचे धाबे अंगावर आले. हजारो माणसे गेली. माझा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनी, नव्या जागी वसवलेल्या गावात झाला. पण आजी अजून भिंतीला टेकून झोपत नाही. आमच्याकडे कोणी म्हणे पाप वाढले, कोणी म्हणे पाताळातून आवाज येत होते. आमची भूमी पक्की आहे, येथे भूकंप होत नाही, असे शिकलेले लोकही मानत असत. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने त्या समजाला धक्का दिला होताच.

भूपट्टाचे शास्त्र वाचल्यावर मला निराळे उत्तर मिळाले. पुणे, लातूर, सगळा दख्खन हा त्या पाटाचाच भाग आहे. गोधडीला घड्या पडतात तेव्हा जोर फक्त गोधडीवर येत नाही, ढकलणाऱ्या पाटावरही येतो. आपली भूमी आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आहे, आपली नखे वाढतात साधारण त्या वेगाने, आणि हिमालयाला टेकून अडते आहे. तो ताण पाटाच्या आतपर्यंत पोचतो. पाटात जुनी चीर असेल तेथे कधी तरी लाकूड कडकन वाजते. किल्लारीला जमीन उत्तर-दक्षिण दाबातच मोडली. हे आजीला सांगितले तेव्हा तिला दुःख कमी झाले असे नाही. पण कोणाच्या पापाने तिची माणसे गेली नाहीत, हे तिने दोनदा विचारून घेतले.

पाटाच्या कोपऱ्यावर तर ताण फारच. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी मुझफ्फराबादजवळ ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. ७०,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत शाळेत बसलेली मुले कितीतरी होती. वाडियांनी १९३१ मध्ये ज्या वळणाचा नकाशा काढला, त्याच वळणाच्या पोटात जमीन फाटली होती. भूकंप कधी होणार हे कोणी सांगू शकत नाही. पण कोठे होऊ शकतो आणि तेथे घरे व शाळा कशा बांधाव्यात, हे सांगण्यासाठी असा नकाशा लागतो. दगडांचा अभ्यास माणसांच्या उपयोगी पडतो तो असा.

१९३८ मध्ये वाडिया सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. १९४४ पर्यंत सिलोनमध्ये सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन बडोद्यात भरले. अध्यक्षस्थानी वाडिया होते. संग्रहालयातल्या खडकांवरून शिकलेला मुलगा देशातल्या शास्त्रज्ञांचा अध्यक्ष होऊन त्याच गावी आला. पुढच्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना लायेल पदक दिले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी खनिजांबाबत सरकारला सल्ला दिला, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचे काम पाहिले आणि १९४९ पासून अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांचा शोध घेणारा विभाग सांभाळला. १९५७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. भारतीय भूशास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद आले. म्हणजे जम्मूत प्राध्यापक म्हणून सुरू झालेले आयुष्य पुन्हा प्राध्यापक या नावाशीच आले. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद प्रथमच आशियात, दिल्लीत, भरली. तिचे अध्यक्षही तेच.

१५ जून १९६९ रोजी वाडियांचे निधन झाले. भूपट्टाचा सिद्धान्त त्या एकदोन वर्षांतच जगभर मान्य होत होता. १९७० मध्ये त्यावरून पर्वतांच्या जन्माची नवी मांडणी झाली, ती पाहायला ते राहिले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये दिल्लीत सुरू झालेली हिमालयाच्या भूशास्त्राची संस्था १९७६ मध्ये डेहराडूनला गेली आणि आज वाडिया इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना शेवटी त्यांच्या पदांची यादी देण्याची पद्धत आहे, तशी ती मीही दिली. पण मला त्यातले जम्मूचे पान सर्वांत मोलाचे वाटते. एक साधे कॉलेज, शिकवण्याची नोकरी, सुटीतले डोंगर आणि हाताशी पुस्तक नाही म्हणून स्वतः लिहिलेले पुस्तक. ती चौदा वर्षे वाया गेली असती तर पुढचे वळण सापडले नसते. युरोपातल्या विद्वानाचे मत चुकीचे ठरवायला त्यांना मोठे यंत्र लागले नाही. पूर्वेची बाजू पाहून झाल्यावर पश्चिमेची बाजूही पायी पाहावी, एवढेच लागले.

आपल्या भूगोल विभागाची सहल दर वर्षी सिंहगडावर जाते. या वर्षी जाताना वरच्या दह्याआधी पाच मिनिटे त्या आडव्या थरांपुढे उभे राहावे, असे मी माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना सुचवते. ते थर शांत दिसतात. पण तो पाट आहे, आणि तो अजून ढकलतो आहे.